तिसरी, दुसऱ्यांदा

"चालेल, पुढे जाऊ," असं डोळे तपासणारी मुलगी म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. समोरच्या उजेडाच्या पाटीवरची चौथी ओळ मी वाचली नव्हती, ठोकून दिली होती. पहिलं अक्षर प असावं असं वाटलं म्हणून प म्हणालो. दुसरं गोल काहीतरी होतं, तिथं ठ म्हणालो. शेवटचं दिसतच नव्हतं, तेव्हा आवाज जरा खाली आणून काहीतरी पुटपुटलो. ही कला मला लहानपणापासून येते. तिला कळलंही असणार, कारण ती क्षणभर थांबली आणि मग चालेल म्हणाली. "चालेल कसं?" मी म्हणालो. "मी चुकलो ना? मग चुकलं म्हणा." ती बिचारी गोंधळली. "तसं काही नाही काका, आम्हाला अंदाज येतो." "अंदाज तर मीच केला होता. तुम्हीही अंदाजच करायला लागलात तर माझा नंबर काढणार कोण?" मागच्या खुर्चीवर माझी धाकटी बहीण बसली होती, ती हसली. "वाचू दे गं त्याला ती ओळ परत," ती त्या मुलीला म्हणाली, "नाहीतर दिवसभर मला ऐकवत बसेल. हा अजून तिसरीतच आहे." मुलीनं काच बदलली, मी डोळे ताणून पुन्हा वाचलं, पुन्हा चुकलो, आणि या वेळी ती स्पष्ट म्हणाली, "चुकलं." मला बरं वाटलं. कुणीतरी आपल्याकडे नीट बघतंय असं वाटलं.

मग तिनं डोळ्यांत थेंब टाकले आणि डोळे मिटून बाहेर बसायला सांगितलं. जुन्याच फ्रेममध्ये नवी काच बसवायची, संध्याकाळी घेऊन जा, म्हणून चष्माही काढून घेतला. म्हणजे दुपारच्या बैठकीला मी असाच चाचपडत जाणार होतो. बायकोनं दोनदा बजावलं होतं की आजचा दिवस सोडून कधीही जा. पण बैठकीतला मसुदा नीट वाचता यावा म्हणूनच तर मला आज नंबर हवा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धाकटीचं औषधांचं दुकान आहे. ते अर्ध्या दिवसापुरतं मदतनिसावर सोपवून ती माझ्याबरोबर आली होती, कारण थेंब टाकल्यावर एकट्यानं रस्ता ओलांडायचा नसतो हे तिला माहीत होतं आणि मी तरीही ओलांडणार हेही माहीत होतं. आम्ही भिंतीकडेच्या बाकावर बसलो. मिटलेल्या पापण्यांमागे तांबूस उजेड होता, घशात औषधाची कडवट चव उतरली होती. कुठेतरी पंखा फिरत होता आणि धाकटी शेजारी होती. साठी उलटल्यावर भावाबहिणीला असं शेजारी शेजारी नुसतं बसायला मिळत नाही, डॉक्टरच्या कृपेनं मिळालं तर मिळतं.

बैठक म्हणजे सरकारी शाळांची घडी पुन्हा कशी बसवायची यासाठी नेमलेल्या समितीची शेवटची बैठक. मी त्या समितीत कसा, असं सगळेच विचारतात. मी जन्मभर लिफ्ट तपासल्या. इमारतीत जायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचा, वजन टाकून बघायचं, आणि पास नाहीतर नापास असा शिक्का मारायचा. एकदा एका दवाखान्याची लिफ्ट मी बंद केली तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या रुग्णांचे नातेवाईक माझ्या अंगावर धावून आले होते, आणि मी म्हणालो होतो की शिव्या खुशाल द्या, पण जिन्यानं जा. निवृत्त झाल्यावर मला वर्तमानपत्रात लिहिण्याचा नाद लागला. सातवीतल्या मुलाला दुकानावरची पाटी वाचता येत नाही आणि तरी तो सातवीत आहे, तर त्याला बटण दाबून वर कुणी पाठवला, असं मी लिहिलं. मुलांना दुखवायचं नाही म्हणून त्यांच्याशी खोटं बोलायचं, याला दया म्हणत नाहीत असंही लिहिलं. पाढे पाठ हवेत, मोठ्यानं वाचायला लावलं पाहिजे, शिक्षकाच्या शब्दाला वजन हवं, आणि ज्याला आलेलं नाही त्याला थांबवलं पाहिजे. माझी मतं जुन्या वळणाची आहेत आणि मला त्याची लाज नाही. लोकांची पत्रं आली, आणि एक दिवस नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून मला समितीत बोलावलं. तिथं मला सगळे लिफ्टवाले म्हणतात. मी थांबवण्याचं कलम मांडलं आणि वर्षभर लावून धरलं. समितीची मुदत आज संपत होती. आज ते कलम मंजूर झालं तर नियम होणार होता, नाही झालं तर फाईल बासनात जाणार होती आणि पुन्हा कुणी ती सोडायला माझ्या हयातीत येणार नव्हतं. मतं अगदी काठावर होती. म्हणून आज मी भाषण पाठ केलं होतं.

समितीत माझ्या विरोधात एक संशोधिका आहेत. पांढरे आखूड केस, हळू बोलणं, आणि प्रत्येक वाक्याला आधार. थांबवलेली मुलं पुढे शाळा सोडतात असं त्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, आणि मी पहिल्या दिवसापासून त्यांना उंटावरून शेळ्या हाकू नका असं सुनावत होतो. त्या रागावत नसत. "तुमचं एक उदाहरण आहे लिफ्टवाले," त्या म्हणत, "माझ्याकडे हजारो आहेत." "पण माझं उदाहरण इथं खुर्चीत बसलंय," मी म्हणत असे, आणि सगळे हसत. कारण माझ्या हातात एक हुकमी एक्का होता, तो म्हणजे मी स्वतः. मी तिसरीत नापास झालेला माणूस आहे. ती गोष्ट मी लग्नात, निरोपसमारंभात, लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना धीर देताना, सगळीकडे सांगितली आहे. बाकावर डोळे मिटून बसल्या बसल्या मी ती पुन्हा एकदा म्हणून बघायला लागलो, आणि म्हणता म्हणता समिती मागे पडली आणि तो वर्ग समोर उभा राहिला, डोळे मिटलेले असल्यामुळे जरा जास्तच स्पष्ट.

लांबट खोली होती. एका बाजूला उंच खिडक्या, दुसऱ्या बाजूला भिंतीवर आमच्या डोक्यांचे तेलकट डाग. वाचनाच्या तासाला पहिल्या बाकापासून सुरुवात व्हायची, एकेकानं उभं राहून चार ओळी वाचायच्या. मी शेवटच्या बाकावर बसायचो. माझ्यापर्यंत पाळी येईपर्यंत धडा दोनदा तरी कानावरून गेलेला असायचा आणि माझे कान तिखट होते. मी उभा राहायचो, पुस्तक नाकासमोर धरायचो, आणि ऐकलेलं सगळं स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायचो. पान उलटायची वेळही मला शेजाऱ्याकडे बघून कळायची. अक्षर मात्र एक ओळखीचं नव्हतं. पहिली आणि दुसरी अशीच गेली. आमच्या बाई पहिलीपासून आमच्याबरोबर होत्या, त्या शाळेची रीतच तशी होती, एका बाईंनी एक वर्ग पहिलीत घ्यायचा आणि बोट धरून चौथीपर्यंत न्यायचा. त्या उंच होत्या, आवाज जाड होता, आणि त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं. तिसरीच्या शेवटी शेवटी एक दिवस त्यांनी काहीही न सांगता उलटीकडून सुरुवात केली. "शेवटचा बाक, उठ." मी उठलो. नवा धडा होता, कानावरून काहीच गेलेलं नव्हतं. पुस्तकातल्या त्या काळ्या मुंग्यांकडे बघत मी उभा राहिलो आणि अख्खा वर्ग थांबला. बाईंनी मला बस म्हटलं नाही, दुसऱ्याला उठवलंही नाही. त्या माझ्याजवळ आल्या, पुस्तकावर वाकल्या, आणि माझ्या कानाजवळ इतकंच म्हणाल्या, "कधीपासून?" त्यांचा चेहरा मी तोवर एवढ्या जवळून पाहिला नव्हता. त्यांना माझ्यापेक्षा जास्त भीती वाटली होती, असं मला आता वाटतं.

मग वडिलांना बोलावलं. वडील कारखान्यातून तसेच आले, हाताला वंगणाचा वास. पोराचं वर्ष वाया जाईल, ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "हे वर्ष माझ्याकडे द्या. वाया गेलेली तीन आहेत, तीही माझ्याकडेच गेलीत." वडील हातातली टोपी फिरवत राहिले. घरी आई रडली, कारण धाकटी माझ्या मागच्याच वर्गात होती आणि आता ती येऊन माझ्या शेजारी बसणार होती. कानामागून आली आणि तिखट झाली, असं शेजारच्या काकू म्हणाल्याही. शाळा उघडली त्या दिवशी जिन्याशी आल्यावर जुन्या वर्गाच्या मागोमाग मी वर चौथीकडे जायला निघालो आणि धाकटीनं माझी बाही ओढली.  आम्ही दोघं एकाच दारातून आत गेलो. आता नव्या बाई येणार, धाकटीच्या वर्गाच्या, रंगीत खडूंनी फळ्यावर चित्रं काढणाऱ्या, सगळी मुलं ज्यांच्याभोवती घोळका करायची त्या. आणि त्या माझ्याकडे बोट दाखवून विचारणार, हा घोडा कोण. दार उघडलं आणि आत आल्या त्या आमच्याच बाई. उंच, जाड आवाजाच्या. त्यांनी हजेरी घेतली, माझ्या नावाशी आल्यावर वर बघितलं, आणि म्हणाल्या, "या वर्षी मीही इथंच." मला वाटलं, बाईसुद्धा नापास झाल्या.

इथं लोक हसतात. भाषणात मी इथं थांबत असे. कारण पुढचं त्याहून गमतीचं आहे: मला बाईंची दया आली. एवढ्या मोठ्या बाई, त्यांच्याबरोबरच्या सगळ्या बाई वर गेल्या आणि या एकट्या मागे. त्यांच्या घरी कोण रडलं असेल, त्यांच्या शेजारची काकू काय म्हणाली असेल, असं मी रात्री अंथरुणात पडून विचार करायचो. आणि मी ठरवलं की बाईंना पुन्हा नापास होऊ द्यायचं नाही. सुट्टीत त्या मला जवळ बसवून एकेक अक्षर गिरवून घ्यायच्या आणि मी जीव तोडून गिरवायचो, माझ्यासाठी नाही, त्यांचं वर्ष वाचावं म्हणून. पहिलं अख्खं वाक्य वाचलं तेव्हा मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, की आता तुमचं कसं, जमेल ना. पुढच्या वर्षी त्या आमच्याबरोबर चौथीत आल्या आणि मी घरी येऊन आईला सांगितलं, बाई पास झाल्या. तेव्हापासून मी वाचतो आहे. लिफ्टच्या यंत्रांची जाड पुस्तकं वाचली, बायकोची पत्रं वाचली, हल्ली झोप येईपर्यंत काहीही वाचतो. त्या एका जादा वर्षावर माझं सगळं उभं आहे.

"हे तू आज तिथं सांगणार?" धाकटी म्हणाली. मी डोळे मिटूनच मान हलवली. "सगळं सांग. ते बाई नापास झाल्या तेवढं नको सांगू." "का? तिथंच तर हसतात." "खोटं आहे म्हणून." मी म्हणालो, खोटं आहे हे मला कळतं, मी काय नऊ वर्षांचा आहे का, मुख्याध्यापकांनी काहीतरी बदली केली असेल. "बदली नव्हे रे. त्यांनी मागून घेतलं." पंखा फिरत होता. मी डोळे उघडले, समोर सगळा दुधाळ उजेड होता आणि त्यात धाकटीचा नुसता आकार. "आमच्या बाईंनी आम्हाला सांगितलं होतं, दुसरीच्या शेवटच्या दिवशी," ती म्हणाली. "रंगीत खडूवाल्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी मी तुमच्याबरोबर नाही. मोठ्या बाईंनी मुख्याध्यापकांकडे जाऊन सांगितलंय की माझं एक मूल मागे राहिलंय, मी त्याच्याबरोबर राहते, माझा वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्या. म्हणून आमच्या बाई तुझ्या वर्गाला घेऊन वर गेल्या. सगळा वर्ग रडला. मीही रडले. ते एक मूल म्हणजे तू, हे मला एकटीलाच माहीत होतं."

मी म्हणालो, "आणि तू मला हे आत्ता सांगतेस?" "तू घरी येऊन सांगितलंस ना, बाई नापास झाल्या, आपण त्यांना पास करू. कसा बोलला होतास तू. मग मी कशाला सांगू? तू अभ्यास सोडला असतास." "आणि नंतर? एवढ्या वर्षांत?" ती म्हणाली, "नंतर ती तुझी गोष्ट झाली. लोक हसायचे, तू खूश असायचास." एवढी बडबडी बाई, गिऱ्हाईकाला खोकल्याच्या औषधाबरोबर सगळ्या गल्लीची खबर देणारी, आणि तिनं आयुष्यभर मला ताकास तूर लागू दिली नव्हती. "तुला राग नाही आला माझा?" "आला की. वर्षभर होता. तुझ्या बाई पांढऱ्या खडूशिवाय काही वापरायच्या नाहीत." मग ती हसली आणि माझ्या डोळ्यांतून गालावर आलेलं औषध तिनं रुमालानं टिपलं. ते सगळंच औषध नव्हतं. "बंद ठेव डोळे," ती म्हणाली, दुकानातल्या आवाजात.

रस्त्यानं चालताना मी तिचा दंड धरला होता. दुपार नुसती पांढरी झाली होती, गाड्या उजेडातून अचानक निघत आणि उजेडातच विरत, माणसांना चेहरे नव्हते. मला मात्र आत एकेक गोष्ट लख्ख दिसत होती. पहिल्या काही दिवसांत आमचा जुना वर्ग मधल्या सुट्टीत आमच्या खिडकीशी यायचा, गजांना धरून बाई बाई करायचा, ते मला आठवलं. तेव्हा मला वाटायचं, हे आम्हा दोघांना चिडवायला येतात. ती तर त्यांची मुलं होती. पहिलीपासून हात धरून आणलेली, शेवटचं एक वर्ष राहिलेली. बाई खिडकीशी जाऊन म्हणायच्या, "जा, तुमच्या बाई वाट बघतायत," आणि परत माझ्यापाशी येऊन बसायच्या. तीस-चाळीस मुलांचा भरलेला वर्ग त्यांनी हातातून सोडला होता, एका शेवटच्या बाकासाठी. आणि मी जन्मभर सांगत आलो की मला नापास केलं म्हणून मी शिकलो. मला इतकं भरून आलं की रस्त्याच्या मधोमध मी थांबलो आणि एक गाडी करकचून ब्रेक मारून उभी राहिली. गाडीवाल्यानं आईवरून शिवी दिली. मला तीही गोड लागली. बाई केव्हाच गेल्या आहेत, आभार मानायला आता कुणी उरलेलं नाही, म्हणून मी धाकटीला म्हणालो, "तुझ्या रंगीत खडूंबद्दल थँक्यू." ती म्हणाली, "चल पुढे, म्हातारा झालास."

समितीच्या इमारतीत तिनं मला लिफ्टपर्यंत सोडलं आणि खाली बसून राहते म्हणाली. सवयीनं मी लिफ्टमधल्या तपासणीच्या दाखल्यावर नजर टाकली, तो नुसता चौकोन दिसला. दोर मात्र नीट होते, ते आवाजावरून कळतं. वर बैठकीच्या खोलीत लांब टेबल, मोठ्या खिडक्या, आणि खिडक्यांतून डोळ्यांत घुसणारा उजेड. मी बसलो ती खुर्ची नेमकी संशोधिकांच्या शेजारची निघाली. अध्यक्षांनी मसुदे वाटले. अध्यक्ष माझ्या बाजूचे, कामाचा उरक असलेले. मी म्हणालो की मला आज वाचता येत नाही, कुणीतरी मोठ्यानं वाचा.  मग टेबलाच्या टोकाहून कुणीतरी वाचायला लागलं. आवाज ओळखीचा नव्हता, कारण तो समितीत कुणी फारसा ऐकलाच नव्हता. शिक्षकांच्या वतीनं एक तरुण शिक्षिका नेमलेली होती, कुठल्याशा सरकारी शाळेतली, वर्षभर मूग गिळून बसणारी. ती सावकाश वाचत होती, प्रत्येक शब्द सुटा, वर्गात वाचतात तसा. "ठरवून दिलेल्या किमान गुणांपेक्षा कमी गुण मिळवणारा विद्यार्थी त्याच इयत्तेत राहील. याची नोंद वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवण्यात येईल." कलम संपलं. माझं कलम. वर्षभर मी ते डोळ्यांनी वाचत होतो, कानांनी ऐकलं ते आज पहिल्यांदा, आणि ऐकताना वाटलं की त्या लांबट खोलीत एक पोरगा उभा आहे आणि खोलीत दुसरं कुणीच नाही.

"कोणाजवळ राहील?" मी विचारलं. "म्हणजे?" अध्यक्ष म्हणाले. "विद्यार्थी त्याच इयत्तेत राहील. पण कोणाजवळ?" "इयत्तेत राहील म्हटलंय की. अहो, तुमचंच कलम आहे हे." मी म्हणालो, हो, माझंच आहे, आणि त्यात चूक आहे. पाठ केलेलं भाषण मला त्या क्षणी आठवेना, म्हणून सकाळी बहिणीनं जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. मग म्हणालो, "मुलांना थांबवलं पाहिजे, माझं मत बदललेलं नाही. खोटं सांगून वर ढकलायचं नाही. पण थांबवायचं ते गुणांनी नाही, त्याला ओळखणाऱ्या शिक्षकानं. आणि जो थांबवेल तो त्याच्याबरोबर थांबेल. एवढी ओळ घाला. ही ओळ नसेल तर माझं मत कलमाच्या विरोधात." समोरून कुणीतरी खुर्ची करकरवली. अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले, "लिफ्टवाले, काठावर मतं आहेत. तुम्ही फिरलात तर आज सगळंच गेलं. वर्ष गेलं आपलं." मला ते माहीत होतं.  तेवढ्यात शेजारून संशोधिका म्हणाल्या, "थांबवलेल्या मुलांबरोबर शिक्षक थांबला, असं कुठं मोजलेलंच नाही कुणी." त्या मला नाही, स्वतःलाच सांगत होत्या. मी वर्षभर ज्यांची टर उडवली ती त्यांची हजारो मुलं, शाळा सोडून गेलेली, मला तेव्हा पहिल्यांदा मुलं वाटली. त्यांच्या खोल्यांत दार उघडून कुणी आत आलं नव्हतं.

"बोलायला ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण कोण थांबेल? आपला तयार झालेला वर्ग सोडून, एका मुलासाठी, पुन्हा तेच वर्ष? सक्ती केली तर शिक्षक उद्या मोर्चा आणतील." मग ते टेबलाच्या टोकाकडे वळले. "तुम्हीच सांगा मॅडम. तुम्ही थांबाल?"

 मला वाटलं, ही नेहमीसारखी गप्प बसणार, आणि गप्प बसली तर तिची चूक नाही. मग तिनं हातातला कागद खाली ठेवला. "माझ्याकडे एक मुलगी होती," ती म्हणाली. "तिला वाचता येत नव्हतं. मला तिला वर पाठवावं लागलं. आता ती चौथीत आहे, पण रोज मधल्या सुट्टीनंतर ती माझ्याच वर्गात येऊन बसते. मागच्या बाकावर. मी तिला उठवून परत पाठवते, नियम आहे म्हणून. रोज पाठवते." तिचा आवाज अध्यक्षांकडे वळला. "मला आजपर्यंत कुणी विचारलंच नाही, थांबशील का म्हणून. सक्ती नका करू. नुसती परवानगी द्या."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. त्यांनी ओळ लिहिली, एकदा खोडली, पुन्हा लिहिली आणि वाचून दाखवली. सक्ती काढून परवानगी घातली होती, बाकी माझी होती तशीच. "हात वर करा," ते म्हणाले. मी हात वर केला. समोर खिडक्यांचा पांढरा उजेड, त्यात काही काळसर उभ्या रेघा दिसल्या. त्या हात होते की खिडकीचे गज, मला सांगता येईना. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. अंदाज करायचा नव्हता. मग उजवीकडून, अगदी कानाजवळ, संशोधिकांचा तो हळू आवाज आला.

"माझाही वर आहे, लिफ्टवाले. तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगते."